रिपोर्ट नॉर्मल, आतडं नाही

ज्या दिवशी मला माझ्या आजाराचं नाव कळलं, त्या दिवशी डॉक्टर हसत होते.

नगरमधल्या पोटाच्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो होतो. सकाळी दुर्बिणीची नळी घालून तपासणी झाली आणि दुपारी त्यांनी आत बोलावलं. माझ्या शेजारी माझा नवरा नितीन बसला होता, तळहातांचा घाम पँटला पुसत.

"अभिनंदन," डॉक्टर म्हणाले. "कॅन्सर नाही, अल्सर नाही, टीबी नाही. आतडं कसं स्वच्छ, गुळगुळीत आहे."

"मग दुखतं का?" मी विचारलं.

"आयबीएस आहे. म्हणजे आतडं जरा चिडकं आहे तुमचं. टेन्शन घेऊ नका, योगा करा. वकील आहात ना? मग व्हायचंच."

मी नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या कोर्टात वकिली करते. गुळमुळीत उत्तर आलं की प्रश्न पुन्हा विचारायची मला सवय आहे. "डॉक्टर, एवढंच सांगा, मला आजार आहे की नाही?"

"आहे," ते म्हणाले, "पण तसा काही नाही."

परतीच्या वाटेवर नितीन खुशीत होता. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, माणूस सरळ आहे, आणि गेले काही आठवडे कॅन्सरच्या भीतीनं त्याची झोप उडाली होती. "सुटलो गं," तो स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाला. "रिपोर्ट नॉर्मल आहेत. आता तेवढं मनावर घेणं सोड, झालं."

 मिरजगावात गाडी थांबवायला लावली आणि एका हॉटेलच्या मागच्या बाथरूममध्ये जाऊन बसले. दाराला कडी नव्हती. एका हातानं दार धरलं, दुसऱ्या हातानं पोट धरलं. कळ इतकी जोराची होती की डोळ्यांतून पाणी आलं. नॉर्मल रिपोर्टची फाईल गाडीत सीटवर होती.

*

ज्यांना हा आजार नाही त्यांना तो पोट बिघडल्यासारखा वाटतो, म्हणून सांगते. बेंबीखाली डावीकडं कुणीतरी ओलं कापड पिळावं तशी कळ उठते. मग धावावं लागतं. कधी धावूनही काही होत नाही, नुसती कळ आणि फुगलेलं पोट. कधी एकाच सकाळी पुन्हा पुन्हा जावं लागतं. डाळ खाल्ली तर होतं, दूध प्यायलं तर होतं, आणि काहीच खाल्लं नाही तरी होतं. नव्या ठिकाणी गेले की माणसं देवळं बघतात, दुकानं बघतात. मी संडास बघते.

आमच्या कोर्टात बायकांचं एक स्वच्छतागृह होतं. त्याला कुलूप असायचं आणि किल्ली शिपायाकडं. म्हणजे कळ आली की आधी शिपाई शोधायचा, तो चहाला गेलेला असला तर टपरीवर जायचं आणि चार पक्षकारांसमोर किल्ली मागायची. एकदा सुनावणी अर्धी सोडून मी अशी पळाले, तर मागून एका वरिष्ठ वकिलांचा आवाज आला, "आमच्या मॅडमच्या पोटात मुदतवाढीचा अर्ज कायम तयारच असतो." सगळी वकील मंडळी हसली. मीही हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो, त्यांच्यापेक्षा माझ्या.

घरातही हसू येईल असं फार उरलं नव्हतं. लग्नकार्याला नितीन एकटा जायला लागला. कुणी विचारलं तर "मॅडमना कोर्टाचं काम आहे" असं सांगायचा. खर्ड्याला नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, तिथं मात्र जावंच लागलं. बुद्धवंदना झाली, मंगलगाथा सुरू झाल्या, आणि मला पहिल्या रांगेतून उठावं लागलं. परत आले तेव्हा वधूवरांवर फुलं पडून गेली होती. फोटोत मी नाही.

घरी येताना नितीन म्हणाला, "पाच मिनिटं दम निघाला नसता का?"

"नसता."

"रिपोर्टमध्ये काही नाही, वैशाली. मग हे येतं कुठून?"

"ते मला माहीत असतं तर मी दवाखान्याच्या पायऱ्या चढले असते का?" मी ओरडले. गाडीत मागं सासूबाई बसल्या होत्या.  दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ताटात भाकरीऐवजी मऊ भात आणि ताकावरचं पाणी होतं. सासूबाईंनी तो पहाटेच शिजवून ठेवला होता. त्या दिवसापासून माझा भात वेगळा शिजतो.

*

औषधं बदलून घ्यायला मी पुन्हा नगरला गेले तेव्हा मोठे डॉक्टर नव्हते. त्यांच्या हाताखालची एक तरुण डॉक्टर होती. तिनं माझे कागद चाळले आणि म्हणाली, "मॅडम, पुण्यात एक प्रयोगशाळा आहे. आयबीएसमध्ये शरीरात नेमकं काय होतं, ते शोधतायत. त्यांना रुग्ण हवे आहेत. पण आधीच सांगते, औषध मिळणार नाही. ते फक्त आतड्याचे नमुने घेतील."

नितीनला हे पटलं नाही. "औषध नाही तर पुन्हा नळी कशाला घालून घ्यायची?"

मी म्हणाले, "आजवर प्रत्येकानं बघितलं आणि काही नाही म्हणून सांगितलं. ही माणसं काहीतरी आहे असं धरून बघतायत. मला त्यांच्याकडं जायचंय."

तिथल्या प्रमुख डॉक्टर मृणाल माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी मला टेन्शनबद्दल नंतर विचारलं. पहिला प्रश्न होता, "हे सुरू व्हायच्या आधी काय झालं होतं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी आठवत बसले. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात खर्ड्याला नणंदेकडं गेलो होतो. टँकरचं पाणी होतं. त्यांच्या आळीत घरटी माणूस ढाळ-उलट्यांनी आडवा झाला होता. मला सलाईन लावावं लागलं होतं. आठवड्यात सगळे उठून कामाला लागले. मीही लागले. पण माझं पोट त्यानंतर कधी पहिल्यासारखं झालंच नाही.

डॉक्टर मृणाल लिहून घेत होत्या. "काही जणांमध्ये असं होतं," त्या म्हणाल्या. "जंतू जातात. पण त्यांच्याशी लढायला आलेल्या पेशींपैकी काही तिथंच ठाण मांडून बसतात, असा आमचा संशय आहे. तो खरा की खोटा, तेच तपासतोय."

मला रडू आलं. तिथं रडायचं काही कारण नव्हतं, पण आलं.

मग संमतीपत्र आलं. वकिलाला सही करायला सांगितली की वेळ लागणारच. एका कलमात होतं, की प्रत्येकाचा वैयक्तिक निष्कर्ष कळवला जाणार नाही. मी बोट ठेवलं. "नमुना माझा, आतडं माझं, आणि निष्कर्ष मला कळणार नाही?"

"एकट्या माणसाच्या निष्कर्षाचा अर्थ काय लावायचा, ते आम्हालाच अजून ठाऊक नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "अर्धवट गोष्ट सांगून मी तुम्हाला फसवणार नाही."

 खरं सांगायचं तर, मला माहीत नाही असं म्हणणारी डॉक्टर मी पहिल्यांदाच बघत होते. "मग मला प्रयोगशाळा दाखवा," मी म्हणाले. "माझ्या नमुन्याचं तिथं काय करता ते बघू द्या."

त्या हसल्या. "ते जमेल. काम पुढं सरकलं की सगळ्यांनाच बोलावू."

मी सही केली.

*

दवाखान्यातल्या मुक्कामाबद्दल थोडंच सांगते, कारण त्यात शूरपणाचं काही नाही. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध देतात. खारट आणि लिंबाच्या वासाचं, तांब्यामागून तांब्या प्यायचं. वॉर्डातल्या बाकीच्या बायकांना त्या औषधाची भीती वाटत होती. मला ती सवयीची गोष्ट होती. माझी भीती वेगळी होती. इथंही काही सापडलं नाही तर? इतक्या मोठ्या यंत्रांनीही "तसा काही नाही" म्हटलं तर मी कुठं जाणार?

वॉर्डात कामाला एक मावशी होत्या. संडासाजवळचा पलंग त्यांनी मला आपणहून दिला, दाराशी स्टूल ठेवलं, गरम पाण्याची बादली आणून ठेवली. मी ओशाळून आभार मानले तर म्हणाल्या, "लाजू नका ताई. हितं सगळ्यांची प्वाटं सारखीच." एवढं साधं वाक्य, पण मी ते उशाशी घेऊन झोपले.

नमुने घेताना फारसं कळलंही नाही. नंतर त्यांनी मला बाटली दाखवली. तळाशी बाजरीच्या दाण्याएवढे गुलाबी तुकडे होते. इतकी वर्षं माझं आयुष्य ज्यानं धरून ठेवलं होतं, ते एवढंसं दिसत होतं.

*

बरेच महिने गेले. प्रयोगशाळेतून फोन आला तेव्हा मी आशा सोडून दिली होती. या वेळी मी नितीनला म्हणाले, "तुम्ही चला. गाडी चालवायला नको, बघायला चला."

आम्हाला पांढरे कोट घालायला दिले आणि एका अंधाऱ्या खोलीत नेलं. सूक्ष्मदर्शकाला पडदा जोडलेला होता. डॉक्टर मृणाल समजावून सांगत होत्या. बशीत उंदराच्या मज्जापेशी वाढवल्या होत्या, दुखण्याचा निरोप मेंदूकडं नेणाऱ्या. आतड्याचे तुकडे ज्या द्रवात ठेवतात त्या द्रवात तुकड्यांतून बरंच काही झिरपतं. तो द्रव या पेशींवर सोडायचा आणि बघायचं. पेशी जागी झाली तर पडद्यावर चमकते.

आधी निरोगी माणसाच्या तुकड्यांचा द्रव सोडला. पडदा जवळजवळ काळाच राहिला, एखाददुसरा ठिपका लुकलुकला.

मग आयबीएसच्या एका रुग्णाचा सोडला. तो कुणाचा, ते सांगितलं नाही. क्षणभर काही झालं नाही. मग एका कोपऱ्यात एक पेशी चमकली, तिच्या शेजारची चमकली, आणि बघता बघता पडदाभर हिरवे ठिपके पेटले.

 मी नितीनकडं बघितलं. तो पडद्याच्या अगदी जवळ गेला होता, वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या पोरासारखा.

मी विचारलं, "डॉक्टर, या पेशींना मन आहे?"

"नाही."

"सासर? कोर्ट? टेन्शन?"

"बशीतल्या पेशी आहेत त्या," डॉक्टर मृणाल म्हणाल्या. त्यांना माझा रोख कळला होता. "पण जपून हं. सगळ्या रुग्णांच्या द्रवानं असं होत नाही. आणि मनाचा संबंधच नाही, असंही मी म्हणणार नाही. आतडं आणि मेंदू यांच्यात दोन्हीकडून निरोप जातात. ताणानं त्रास वाढतो. आम्ही एवढंच म्हणतो, की काही रुग्णांच्या आतड्यात खरोखर काहीतरी वेगळं चाललेलं असतं आणि दुर्बिणीला ते दिसत नाही. यातून औषध निघायला वेळ लागेल. निघेलच असंही नाही."

मला तेवढं पुरे होतं. बरं करा असं मी म्हणतच नव्हते. मी खोटं बोलत नाही, एवढंच मला कुणीतरी म्हणायला हवं होतं.

निघताना डॉक्टर सहज म्हणाल्या, "आमची खरी अडचण निरोगी नमुन्यांची आहे. आजारी माणूस आपणहून येतो. ज्याला काहीच होत नाही त्याला कोण सांगणार, की ये आणि नळी घालून घे?"

 गाडी शिरूरच्या पुढं आली तेव्हा नितीन म्हणाला, "ते औषध लईच खारट असतं का गं?"

मी त्याच्याकडं बघत राहिले. तो रस्त्याकडं बघत होता. "निरोगी माणूस लागतो म्हणाल्या ना," तो म्हणाला. "मला कुठं काय झालंय?"

घरी आल्यावर मी सासूबाईंना सगळं सांगितलं. बशी, पेशी, हिरवे ठिपके. त्यांनी ऐकून घेतलं आणि तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "आता खरं वाटलं व्हय तुमाला? प्वाट दुखतंय म्हनती पोरगी, तर दुखतंय. त्याला पुन्याला कशाला जावं लागतंय?"

नितीननं मान खाली घातली.

*

तो खरंच गेला. या वेळी नातेवाईक म्हणून मी बसले होते आणि पलंगावर तो होता. औषधाचा दुसरा तांब्या पोटात गेल्यावर त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. संडासातून परत आला तो भिंतीला धरून.

"कुणी बोलूच नये असं वाटतंय," तो डोळे मिटून म्हणाला. "आणि तू असल्या पोटानं उलटतपास घेतेस?"

"घेते."

त्यानं चादर पोटापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाला, "लग्नात तुला दम काढायला सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतं."

"चुकलं माझं."

मी त्याला माफ केलं की नाही, ते त्या दिवशी सांगितलं नाही. पाठीवर हात मात्र ठेवला. तेवढ्यात त्याला पुन्हा धावावं लागलं आणि मला हसू आवरेना. आतून ओरडला, "हसू नकोस!" मग आतूनच त्याच्याही हसण्याचा आवाज आला.

*

कर्जतला परतल्यावर मी पहिलं काम केलं ते वकील संघाच्या बैठकीत उभं राहायचं. बायकांच्या स्वच्छतागृहाचं कुलूप काढा, म्हणाले. तेच वरिष्ठ वकील म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीसाठी बैठक?"

"एवढ्याशा गोष्टीसाठी तुम्ही भिंतीमागं जाता," मी म्हणाले. "आम्ही कुठं जायचं?"

या वेळी हशा पिकला तो माझ्या बाजूनं. कुलूप निघालं. आत आता पाणी असतं. गावाकडून तारखेला आलेल्या म्हाताऱ्या बायका न विचारता आत जातात. त्यांना बघून मला जेवढं बरं वाटतं तेवढं कुठल्याच गोळीनं वाटत नाही.

मी बरी झालेली नाही, हे स्पष्ट सांगते. काय खाल्लं की त्रास होतो ते आता कळतं, गोळ्या कधी घ्यायच्या ते कळतं, पहाटे चालून आलं की दिवस जरा सोपा जातो. वाईट दिवस अजून येतात. तुम्हालाही हा आजार असेल, तर "मनावर घेऊ नका" म्हणणाऱ्यांचं ऐकून गप्प बसू नका. डॉक्टर बदला, प्रश्न विचारा. संशोधनाला कुणी नमुना मागितला, तर नीट वाचून, शंका विचारून, पटलं तर द्या. आणि ताण कमी केल्यानं बरं वाटत असेल तर तेही करा. त्यात हार नाही. पण आजार आहे, हे आधी त्यांच्याकडून मान्य करून घ्या.

*

गेल्या महिन्यातली गोष्ट. माझी पक्षकार मंगल, ऊसतोडीला जाणारी बाई, वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागत होती. तिचा भाऊ साक्षीच्या पिंजऱ्यात होता. बहिणीनं कर्जतला येऊन स्वखुशीनं हक्कसोडपत्रावर अंगठा दिला, असं त्याचं म्हणणं होतं. मी त्याला हळूहळू त्या दिवसाकडं आणत होते आणि तेवढ्यात कळ आली. ओलं कापड पिळल्यासारखी.

समोरचे वकील लगेच उठले. "मॅडमची तब्येत बरी दिसत नाही. पुढची तारीख घ्यावी."

मंगल माझ्याकडं बघत होती. एका तारखेला यायचं म्हणजे तिची मजुरी बुडते, आणि तारीख पडली की मधल्या काळात काय बोलायचं ते भावाला पढवायला सगळं घर मोकळं.

"तारीख नको, साहेब," मी न्यायाधीशांना म्हणाले. "थोडा वेळ हवा."

"कारण?"

कोर्ट भरलेलं होतं. मी आवाज खाली आणला नाही. "मला आयबीएस आहे, साहेब. आतड्याचा आजार आहे. आत्ता कळ आली आहे, मला जावं लागेल. मी परत येऊन उलटतपास पूर्ण करते. तोवर साक्षीदारानं पिंजऱ्यातच थांबावं आणि त्याच्याशी कुणी बोलू नये, एवढी विनंती आहे."

कुणी हसलं नाही. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग साक्षीदाराकडं. "या जाऊन," ते म्हणाले. "साक्षीदार इथंच थांबेल."

मी गेले. धावत नाही, चालत गेले. परत आले तेव्हा तोंडावर पाणी मारलेलं होतं आणि पोट अजून दुखत होतं. मंगलचा भाऊ एवढा वेळ भरल्या कोर्टात एकटाच उभा होता. त्याच्या वकिलाकडं त्यानं पुन्हा पुन्हा बघितलं असणार, कारण वकील खिडकीबाहेर बघत होते.

मी विचारलं, "अंगठा घेतला तो महिना कुठला?"

"पौष हुता."

"पौषात तुमची बहीण काय करत होती?"

 गळ्याशी आलेला घाम त्यानं टोपीनं पुसला.

"उसाला गेल्ती," तो म्हणाला. "सांगलीकडं."

मंगलनं पदर तोंडाला लावला. मी एक हात पोटावर दाबून धरला आणि म्हणाले, "उत्तर नोंदवून घ्यावं, साहेब."